मास्तर मिरचीत पडले त्याची हकीकत

रनाळे, रविवार सकाळ

ती. तापीआक्कास,

धाकट्या लोटनचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. (डोके शाबूत आहे म्हणूनच ठेवता येते आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे विचारू नकोस. पण इतरांकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच सांगतो.

आपली रोशनी आशाताई झाली आणि बाळंतिणींच्या घरोघर जायला तिने बॅटरीची स्कूटर घेतली. दुकानदार म्हणाला, ही सावकाश चालणारी, हिला परवाना नको, शिकणेही नको. चार दिवस सूनबाई जपून फिरली. पाचव्या दिवशी मला वाटले, तीस वर्षे सायकलवर शाळेत गेलेल्या मास्तराला यात काय अवघड? तिला न विचारता बसलो. आवाज नाही, म्हणून गाडी बंद समजून मूठ पिळली. आक्का, बैलसुद्धा निघण्याआधी शेपटी हलवतो! ही मुकाट्याने सुटली, शाळेजवळच्या गतिरोधकावर (पांढरे पट्टे नव्हते, त्यामुळे तो पडल्यावरच दिसायचा) उडाली आणि मला छगनच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत टाकून मोकळी झाली.

छगनने एका शब्दानेही बोल न लावता मला दवाखान्यात नेले. कपाळाला तीन टाके पडले. रोशनी धावत आली, टाके होईपर्यंत माझा हात धरून बसली. गाडीचा आरसा फुटला ग, एवढेच मी म्हणालो, तशी तिला रडू फुटले. "आबा, गाडी दुसरी भेटी," ती म्हणाली. "तुम्ही कोठे भेटशात?" माझ्याही डोळ्यांना पाणी आले. मिरची गेली म्हणून सांगितले.

दुसऱ्या दिवशी तिने नंदुरबारहून वीरसिंगला बोलावले. तो आता गाडी शिकवतो. पहिलीत माझ्या वर्गात असताना त्याला आठचा आकडा येत नसे. तेव्हापासून रोज सकाळी तो आम्हा दोघांना हेल्मेट घालून मैदानावर आठ गिरवायला लावतो. माझा आठ अजून भोपळ्यासारखा येतो. तो म्हणतो, "सर, घाई करू नका." (हे वाक्य माझेच आहे.) सावकाश चालते, पाय जमिनीला टेकतात, म्हणून या गाडीला परवाना नको म्हणे. डोकेही टेकते, हे मी वरपर्यंत लिहून कळवले आहे. ग्रामपंचायतीत मात्र तीन अर्ज केल्यावर काल त्या गतिरोधकावर पट्टे मारले. रोशनी रंग वाळेपर्यंत तिथेच उभी होती.

सर्वांना यथायोग्य. काळजी नसावी.

तुझा,
लोटन

ता. क. आता मुद्द्याचे. रोशनीला गावातल्या बायकांना गाडी शिकवायची आहे. अकरा जणी तयार आहेत, पण सासवा अडून बसल्या आहेत. त्या तुझ्याशिवाय कुणाचे ऐकत नाहीत. तू आठ दिवस ये आणि रोशनीच्या मागे बसून गावात दोन फेऱ्या मार.

ता. क. २. तू नाही म्हणशील हे ठाऊक होते, म्हणून हेल्मेट आधीच आणून ठेवले आहे. अंबाडा जरा खाली बांध.