ओकुनो-सानचा डबा

निशी-कसाई, टोकियो
९ नोव्हेंबर २०२५

चि. अनुराधास,
अ. आ. वि. वि.

ताई फोन का उचलत नाही, असं तू केदारला विचारलंस म्हणे. फोनवर तू रडतेस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून कागद घेतला आहे. सावकाश वाच.

माझ्या सुनेने मला न सांगता भांग खायला घातली.

भांग म्हटलं की नुपूर दुखावते. ती म्हणते सीबीडी. झाड त्याच जातीचं, पण नशा आणणारा भाग काढून टाकलेलं तेल. इथे दुकानात राजरोस मिळतं, लोक झोपेसाठी घेतात. घेत असतील. ती सकाळी ज्या कॅफेत काम करते तिथे हे तेल घातलेलं आयसिंग फळ्यावर लिहून विकतात. फळ्यावर लिहून, हे लक्षात घे. आमच्या घरात फळा नव्हता.

रविवारी ती दालचिनीचे रोल करते. गेल्या वर्षी व्हीगन झाल्यापासून दूध, लोणी, अंडं सगळं बंद. सोयाच्या दुधात यीस्ट फुलवते, मैदा मळून लाटते, दालचिनी आणि साखर पसरून अळूवडीसारखी गुंडाळी करते आणि दोऱ्याने कापते. वर नारळाच्या घट्ट दुधाचं आयसिंग. तिच्या हाताला चव आहे, हे मी नाकारत नाही. नुसत्या पाल्यावर जगते बिचारी; वरणात मी गुपचूप चमचाभर तूप सोडते तेवढंच काय ते अंगी लागतं.

तर ह्या आयसिंगला ओल्या गवताचा वास यायचा. नारळ जुना असेल, असं मी म्हणाले तेव्हा ती पाठ करून भांडी विसळत राहिली. मी ते रोल खाल्ले, दगडासारखी झोपले आणि सकाळी उठून तिचं कौतुक केलं. ते आठवलं की अंगाची लाही होते. मी रक्तदाबाची गोळी घेते. माझ्या डॉक्टरांना कुणी विचारलं होतं? मला कुणी विचारलं होतं?

हे कळलं कसं, ते ऐक. खालच्या मजल्यावर ओकुनो-सान, म्हणजे आपल्याकडच्यासारखं ओकुनोबाई, एकट्या राहतात. माझं जपानी मोडकं, त्यांचं इंग्रजी त्याहून मोडकं, तरी ह्या देशात मैत्रीण म्हणावी अशी मला ती एकच. सगळी मैत्री एका डब्यावर उभी आहे. लाल, झाकणावर ससे असलेला. त्यातून त्यांची भोपळ्याची भाजी वर येते आणि माझे बेसनाचे लाडू खाली जातात. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे त्यांनाही आपल्यासारखंच पटतं. गेल्या मंगळवारी घरात दुसरं काही नव्हतं म्हणून मी त्यात चार रोल भरून दिले.

नुपूर घरी आली, फ्रीज उघडला आणि रोल कुठे गेले म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. ओकुनो-सान रक्त पातळ राहण्याची गोळी घेतात. त्या गोळीपायी त्यांना नात्तो, म्हणजे ते आंबवलेलं चिकट सोयाबीन, बंद आहे आणि त्याचं दुःख त्या नवरा गेल्याच्या दुःखाइतकंच मन लावून सांगतात. तेलाच्या बाटलीवर लिहिलंय की अशी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. तेव्हा कुठे सूनबाईंनी तोंड उघडलं.

मी घरातल्या सपातांनिशी खाली धावले. ओकुनो-साननी हसत दार उघडलं. डबा त्यांच्या नवऱ्याच्या फोटोपुढे होता, झाकण काढून, उदबत्ती लावून. गोड आलं की आधी त्याला दाखवायचं, मग आपण खायचं. एकही रोल कमी झालेला नव्हता. मेलेल्या माणसाने बायकोला वाचवलं. आणि मी काय केलं? त्या मेलेल्या माणसाच्या पुढ्यातला डबा उचलला. कुसुरी, कुसुरी, म्हणजे औषध, औषध, एवढा एकच शब्द पुटपुटत बाहेर पडले. त्यांनी दारात कमरेतून वाकून नमस्कार केला, परक्यांना करतात तसा.

आयुष्यात कुणाला दिलेला घास परत मागितला नव्हता. ते नुपूरने माझ्याकडून करवून घेतलं.

डबा धुऊन ओट्यावर ठेवला आहे. त्यात आता काय भरू? भरलं तरी माझ्या हातचं त्या का खातील? नुपूरशी मी बोलत नाही. केदारला परतीचं तिकीट बघायला सांगितलं, तर माझ्या लेकाने कानात गाणी ऐकायची ती बोंडं घातली. माझ्या फ्लॅटच्या खिडक्या उघडून ठेव.

तुझ्या तब्येतीला जप आणि मी तुझीच आहे हे विसरू नकोस.

तुझी,
अरुणाताई


पुणे
१९ नोव्हेंबर २०२५

ती. अरुणाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. मधे रडले नाही. शेवटी थोडं रडले.

खिडक्या उघडणार नाही. सज्जात कबुतरांनी संसार मांडला आहे आणि तू आलीस की त्यांच्याशीही बोलणं टाकशील.

आता एक सांगते, ते बसून वाच. तुझे गुडघे ठणकतात, तू पहाटेपर्यंत जागी असतेस, हे नुपूरला दिसतं. ऑगस्टमध्ये तिने मला फोन करून विचारलं की सीबीडीबद्दल आईंना कसं सांगू. मी म्हणाले, सांगू नकोस, सांगितलंस की ती नाही म्हणेल. कशात तरी घाल. मी तुला ओळखते. शाळेत सिस्टर फिलोमिना माशाचं तेल पाजायच्या तेव्हा तू ते गालात धरून नळाखाली थुंकायचीस आणि वर त्यांना थँक्यू म्हणायचीस. तेव्हा भांडायचं तर माझ्याशी भांड, पोरीला सोड.

आणि वरणातल्या तुपाचं काय गं? तिलाही कुणी विचारलं होतं का? सहज मनात आलं, म्हणून लिहिलं.

राग ओसरेल तेव्हा ओसरो, माया आटवू नकोस.

तुझी,
अनुराधा


स्वयंपाकघर, घर
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तांदळाच्या डब्यात ठेवते आहे, कारण तो दिवसातून एकदा तुम्ही उघडताच. एकाच घरात राहून पत्र लिहायचं म्हणजे मलाच कसंतरी होतंय, पण केदार म्हणाला की आईला कागदावरचं पटतं.

मी चुकले. थेंब मोजून घालत होते, तुम्हाला बरं वाटावं म्हणून घालत होते, पण तुमच्या रक्तदाबाच्या गोळीचा विचार मी केला नाही आणि तुम्हाला विचारलं नाही. ओकुनो-सानना काही झालं असतं तर मला स्वतःला माफ करता आलं नसतं. कॅफेत हे आयसिंग लावलेला रोल देताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते की औषधं चालू आहेत का. घरच्या माणसाला विचारलं नाही, ह्याची लाज वाटते.

आणखी एक. तुम्ही रागवाल, पण आधीच रागावला आहात, म्हणून लिहिते. वरणातलं तूप मला पहिल्या दिवसापासून कळतं. दूधतूप सोडलेल्या माणसाला ते लगेच कळतं. मी बोलले नाही. आई प्रेमानं घालतात, असं स्वतःला समजावून गिळत राहिले. मग मीही तुमच्यासाठी तसंच केलं. ह्या घरात प्रेम असंच करतात, असं मला वाटायला लागलं होतं.

उद्या मी एकटी खाली जाऊन ओकुनो-सानना सगळं सांगणार आहे. तुम्ही जाऊ नकोस म्हणालात तरी जाईन. पण म्हणण्यासाठी तुम्हाला बोलावं लागेल.

जेवून घ्या आणि मला आपली म्हणत राहा.

तुमची,
नुपूर


निशी-कसाई, टोकियो
२१ डिसेंबर २०२५

चि. अनुराधास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तू समोर नव्हतीस हे तुझं नशीब. माझी बहीण फोनवर माझ्या खाण्यात काय मिसळायचं ते ठरवते, आणि तेव्हा मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असेन. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, हे खरं. नाही म्हणणं म्हणजे ऐकू न येणं नव्हे, अनुराधा. मी म्हातारी झाले आहे, सामान झालेले नाही.

नुपूरनेही पत्र लिहिलं. त्यात तिने तुझं नाव कुठेही घेतलं नाही. तू मात्र मोठ्या तोऱ्यात स्वतःहून सांगितलंस. दोघींमध्ये शहाणी कोण, ते तूच ठरव.

तुपाबद्दल मला काही बोलायचं नाही. सध्या ते वेगळ्या वाटीत असतं आणि वाटी माझ्या बाजूला असते.

आता डब्याचं. नुपूर खाली गेली, ओकुनो-सानपुढे वाकली आणि सगळं सांगून आली. वर आली ती रडतच. ओकुनो-सानना औषधाचं काही कळलंच नव्हतं. त्यांना वाटलं, आपलं अन्न मेलेल्या माणसापुढे ठेवलेलं ह्या बाईला अशुभ वाटलं, म्हणून ती रागाने उचलून घेऊन गेली. तेव्हापासून त्या स्वतःला दोष देत बसल्या होत्या आणि जिन्यात माझी चाहूल लागली की आत जात होत्या. हे ऐकल्यावर मी नुपूरशी पहिलं वाक्य बोलले. यीस्ट आहे का घरात, असं विचारलं.

मग ओकुनो-सानना वर बोलावलं, ओट्याजवळ स्टूल दिलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रोल केले. पुडी उघडली की आधी त्यांच्यापुढे धरायची, नुपूरने जपानीत नाव सांगायचं, त्यांनी मान हलवायची, मगच ती परातीत. मैदा, सोयाचं दूध, यीस्ट, साखर, मीठ, तेल, दालचिनी. मिठालाही मान हलवून घेतली. दोरा माझ्या हातात होता. मी कापलेले रोल वेडेवाकडे आले आणि त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. आयसिंग नुसत्या नारळाचं. सशांचा डबा त्यांच्यासमोर भरला आणि मी दोन्ही हातांनी दिला. त्यांनी तो कपाळाशी नेला, खाली गेल्या, आणि थोड्या वेळाने उदबत्तीचा वास जिन्यातून वर आला. दोन दिवसांनी डबा परत आला. आत भोपळ्याची भाजी होती, आणि ती कशात शिजवली ते चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. नुपूरने वाचून दाखवलं.

तिकिटाचा विषय मी काढलेला नाही. केदारनेही नाही.

राग गेला असं समजू नकोस. तुझ्यावरचा तर अजिबात नाही. गुडघे ठणकतात, पहाटेपर्यंत जाग असते, पण माझी जाग आहे. ती बाटली आता ओट्यावर उघड्यावर ठेवलेली असते. माझ्या रोलवर आयसिंग घालताना नुपूर दर रविवारी विचारते की आई, ह्यात दोन थेंब घालू का. मी दर रविवारी नाही म्हणते. गेल्या खेपेला तिने, आता पुन्हा विचारत नाही, असं म्हटलं, तेव्हा मी तिला चांगलं झापलं. विचारायचं, म्हणाले. विचारत राहायचं.

कबुतरांना नमस्कार सांग. माझी उणीव भासत असेल तर भासू दे. जरा भासायलाच हवी.

तुझी,
अरुणाताई