उंदीर आणि आबा

वडिवळे, गुरुवार, संध्याकाळ

नशेच्या अळंबीतल्या द्रव्यानं म्हातारे उंदीर जास्त जगले, हे मोबाईलवर वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. आबा, माझे वडील, दिवसेंदिवस वाळत चाललेत. आज शेणावरच्या तसल्याच दिसणाऱ्या छत्र्या खुडून आणल्या. तसल्याच, का विषारी? आमच्यात अळंबी जिनं खुडली तिनंच आधी खायची, हे आबांनीच शिकवलेलं. मला भीती वाटली. चोरून त्यांच्या भाजीत घालणंही जमेना. सगळं सांगून टाकलं.

आबा हसले. "मी काय उंदीर हाय व्हय गं?" मग हळूच म्हणाले, "अजून किती वर्सं पायजेत तुला?"

"एक."

त्यांनी छत्र्या चुलीत टाकल्या. त्या जळेपर्यंत, एखादी काढून घ्यावी का, हेच मनात चाललं होतं.