आईचे टेबल आणि सहा ते आठची वेळ

मी, खाली सही करणारा, वय बावीस, धंदा वडिलांबरोबर रंगकाम, शिक्षण अर्धवट, परवा हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन असल्याने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. वडिलांना शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे.

१. माझी मोटारसायकल विकून मागच्या खोलीचे गळके छत दुरुस्त करावे. तिथले टेबल-टेनिसचे टेबल आईचे आहे, लग्नानंतर हट्टाने आणलेले. त्यावर तेवीस वर्षे वडिलांच्या रंगाचे डबे आहेत. ते हलवावेत.

२. "मुलींनी रिकाम्या वेळात घरकाम शिकावं," असे भर वर्गात म्हणणाऱ्या प्राध्यापकांना माफी नाही. मी डस्टर फेकले, कॉलेज सुटले. वर्गातल्या, टेबल-टेनिस खेळणाऱ्या ज्या डावखुरीसाठी फेकले, तीच भडकली: "उत्तर मी देणार होते. तुझ्या डस्टरनं माझंच तोंड बंद केलं."

३. तिलाच पुढे मी लग्नाचे विचारले आणि वर म्हणालो, "मग क्लबात खेळणं बंद ना?"

"टेबलावर डबे आहेत म्हणतोस, आधी आईला विचार, तिची बॅट कुठाय."

विचारले. आईने कपाटाच्या तळातून काढली. रबराचा हातात भुगा झाला. आई म्हणाली, "तुझी आजी 'जरा बसते' म्हणायची आणि बसून शिवायची. मला तर नुसतं बसताही येत नाही रे."

रोज संध्याकाळी सहाला भूक भूक करून तिला स्वयंपाकघरात कोंडणारा मीच. सबब सहा ते आठ ही वेळ आईला परत करीत आहे. वडिलांनी चहा स्वतः करावा.

४. डावखुरीला काहीही ठेवत नाही. हे टाइप करून देणारे टायपिस्टकाका म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष देऊ नये. मला तिची सही तरी हवी. लग्नाचे तिने अजून काही सांगितलेले नाही.

पुरवणी: वाचून डावखुरीने पेन खाली ठेवले. "म्हणजे तू मेलास तर आईला टेबल. आणि वाचलास तर?"

सबब कलम १ मधले डबे व कलम ३ माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून लागू.

साक्षीदार: १. टायपिस्टकाका. २. डावखुरी.
स्थळ: मागची खोली. गुरुवार, संध्याकाळी सहाला दहा कमी.

मला वजन उचलायची बंदी आहे. डबे वडील उचलत आहेत, शिव्या मला देत आहेत. टेबलाचा एक कोपरा मोकळा झाला, त्यावर सही केली.