दोन फ्लॉप्या आणि काकूचा अंगठा

३ मार्च

ती. काकांना शि. सा. नमस्कार.

सोबत दोन फ्लॉप्या आहेत. फोनवर सांगितलेलं तुम्ही निम्मं विसरता, म्हणून पाकिटात पत्रही घातलंय. आम्ही मंडळी हौसेनं, फुकटात जी ऑपरेटिंग सिस्टीम करतो, तिची ही नवी आवृत्ती. फ्लॉपीवरून ती बसवायची सोय आम्ही तिघंच सांभाळतो. बाकीचे म्हणतात, फ्लॉपी आता वापरतो कोण? महिनाअखेरीच्या आत खऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवून दाखवा, नाहीतर सोय बंद. काकूच्या भरतकामाच्या यंत्राच्या कॉम्प्युटरला तर फ्लॉपीवाचून दुसरं तोंडच नाही. सोय गेली आणि तो बिघडला, की यंत्र अडगळीत. पहिली फ्लॉपी घालून चालू करा, मागेल तेव्हा दुसरी द्या.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
भिंगरी

१० मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

फत्ते. जन्मभर टाइपरायटर दुरुस्त केले, पण इतकं गुणी काम पाहिलं नाही. फ्लॉपी घातली, बटण दाबलं, आणि चहा निवायच्या आत कॉम्प्युटर तयार. दुसरी मागितलीसुद्धा नाही. काकूची कॉम्प्युटरमधली वेलबुट्टीही जागच्या जागी. ती म्हणते, काहीच बदललेलं दिसत नाही. मी म्हटलं, सफाईचं काम असंच असतं. तुझ्या मंडळींना कळव, म्हातारं खोड अजून पालवतं.

लोभ आहेच, तो वापरत राहा.
काका

१६ मार्च

ती. काकांना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी अख्ख्या गटाला वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मग विरोधकांच्या म्होरक्यानं (जुनं दिसलं की छाटतो, म्हणून आम्ही त्याला कात्री म्हणतो) विचारलं, नवी सिस्टीम बसताना आधीचं सगळं पुसलं जातं, मग वेलबुट्टी उरली कशी? माझं तोंड बघण्यासारखं झालं. काका, तुमची जुनीच सिस्टीम चालू झाली हो. फ्लॉपी खट् वाजेपर्यंत ढकलली होतीत ना? हसून पोट दुखतंय आणि धाकधूकही होतेय. पुन्हा करा, आणि या वेळी पुरावा पाठवा.

रागावू नका, माया आटवू नका.
भिंगरी

२२ मार्च

चि. भिंगरीस काकूचे आशीर्वाद.

हे तोंड लपवून बसलेत, म्हणून मी लिहिते. यंत्राशी जबरदस्ती करायची नाही, हा यांचा बाणा. फ्लॉपी फटीत नुसती टेकवून ठेवलेली, नव्या पाहुणीसारखी. मी अंगठ्यानं रेटली. खट् वाजलं आणि कॉम्प्युटर असा घरघरला, की हे भिंतीला टेकले. दुसरी मागितल्यावर मात्र यांनी ती नोकरीचा अर्ज द्यावा तशी दोन्ही हातांनी दिली. वेलबुट्टी पुसली गेली, पण तिची प्रत मी वेगळी ठेवलेली. यांच्यावर विसंबून कोण राहणार?

फोटो पाठवला तर तुमचा कात्री खुसपट काढेल. म्हणून पडद्यावरच्या ओळी, आवृत्तीच्या आकड्यासकट, त्याच भरतकामाच्या यंत्राकडून रुमालावर भरून घेतल्या. टाके तपास म्हणावं.

आठवण पातळ होऊ देऊ नकोस.
काकू

३० मार्च

ती. काकूस शि. सा. नमस्कार.

रुमाल बैठकीत हातोहात फिरला. कात्रीनं तो उलटा करून मागचे टाकेही पाहिले, आणि सोय ठेवण्याच्या बाजूनं पहिला हात त्याचाच वर गेला. आता मला कोपऱ्यात गाठून विचारतोय, त्याच्या आईच्या नावाचा एक रुमाल मिळेल का. दोरा निळा चालेल म्हणतो.

तुम्हा दोघांची लाडकी राहू इच्छिणारी,
भिंगरी