आप्पांसाठी तंबू

६ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा आप्पा रात्रभर व्हरांड्यातल्या खुर्चीत! पाचला मी चहा ठेवला तेव्हा मफलर गुंडाळून तसेच बसलेले. विचारलं तर म्हणे, "झोपलो की." खोटं! मी दोनला बघितलं, साडेतीनला बघितलं, डोळे टक्क उघडे. आई गेल्याला आठ महिने झाले. अडुसष्टाव्या वर्षी माणूस असं किती दिवस काढणार?

आई गेली त्या पहाटे मी दवाखान्याच्या बाकावर गाढ झोपले होते. जागी असते तर कुणाला तरी हाक मारली असती. आप्पांनी कधी बोल लावला नाही. पण झोप उडाली ती तेव्हापासूनच.

८ जानेवारी

सुचलं! आप्पा रेल्वेत गँगमन होते तेव्हा रूळ बदलायच्या कामाला महिना महिना तंबूत राहायचे. "तसली झोप पुन्ना न्हाई," हे शंभरदा ऐकलंय. मग तंबूच आणू! गाडी आहेच. राहू गावाला, साखरबाई मावशीच्या रानात, नदीकाठी. व्हिडिओ बघता बघता चार वाजले.

११ जानेवारी

सगळं सामान आलं. तंबू, हवेची गादी, दोन घडीच्या खुर्च्या. मी कौतुकानं सांगितलं, "आप्पा, तंबू फक्त दोन किलोचा!"

"तुला डोंगर चढायचाय का? वझं गाडी वाहनार हाय, तुझी पाठ न्हाई."

वर गच्चीत नेऊन त्यांनी तंबूवर बादलीभर पाणी ओतलं. शिवणीतून आत धार! खुर्ची तर इतकी बुटकी की बसले ते उठेनात. मी दोन्ही हात धरून ओढलं आणि दोघंही हसत सुटलो. आईनंतर पहिल्यांदाच. सगळं परत पाठवतेय.

१२ जानेवारी, रविवार

शिरूरला हौसराव ताडपत्रीवाल्याकडे गेलो. आप्पांनी कापड अंगठ्याखाली चोळलं, शिवण दोन्हीकडून ताणली, आत शिरून चेन दहा वेळा उघडली-लावली. जाड कापड, दुहेरी शिवण, हातभर लांब लोखंडी खुंट्या. घेतला तो तंबू दोघं मिळून उचलावा लागतो. खुर्ची उंच, हाताला आधार असलेली. "उठताना कुनाचं पाय धराय नगं," म्हणाले.

येताना न्हावऱ्याला चहा घेतला. आप्पा रंगात होते. गँग रुळावर वाकून काम करते तेव्हा एक जण नुसता लाल झेंडी आणि शिट्टी घेऊन उभा असतो म्हणे. त्यानं फक्त गाडी येतेय का बघायचं. "धा वर्सं मी झेंडीला व्हतो. एक मानूस दगावला न्हाई." एवढं बोलले आणि अर्धा चहा टाकून गाडीकडे निघाले. मी काही वेडंवाकडं बोलले का?

१५ जानेवारी

हवेच्या गादीचं काय करायचं? ती परत घेत नाहीत. कूस बदलली की फुग्यासारखी करकरते, पहाटे पाठ फरशीला! शेवटी कपाटावरची आईची कापसाची गादी काढली, पिंजून आणली. आप्पांनी तळहातानं दाबून बघितली.

२२ जानेवारी

मावशीचा फोन. उसात बिबट्या दिसलाय. झालं! ठरवलं की काहीतरी आडवं येतंच.

२३ जानेवारी

मावशी म्हणते, "रानात कशाला मराया जाता? दारात लावा. घर आन् गोठ्याच्या मधी." ठीक. नदी नाही तर नाही.

२४ जानेवारी

सामान भरलं. खुंट्या मोजायला मी तीनदा उठले. व्हरांड्यातून आप्पांचा आवाज, "समदं घेतलंय गं राजश्री, पड आता."

"आधी तुम्ही पडा," म्हटलं. नाही पडले. उद्या तरी झोपतील का? नाहीच झोपले तर मी काय करू?

२६ जानेवारी, रविवार. राहू

जाग आली तर तंबूवर ऊन, नऊ वाजून गेलेले! आणि आप्पा दाराशी, त्याच उंच खुर्चीत. मला रडूच फुटलं. "इथंही नाही झोपलात?"

"माझ्या झोपंला काय झालंय? आठ म्हैने रात रात घरात येरझाऱ्या तू घालतीस. गँग रुळावर असताना झेंडीवाला झोपंल व्हय?" मग खाली बघत म्हणाले, "तुझी आई तिच्या आजारानं गेली, पोरी. तुझ्या झोपंनं न्हाई."

उठले, आत गेले, आईच्या गादीवर आडवे झाले.

आता दुपारचे दोन वाजलेत. घोरतायत. मावशीच्या शेळ्या सारख्या तंबूकडे येतात. मी दाराशी बसून हाकलतेय.