गुत्त्यांची पारख

आबा,

तुम्हाला दारुडा म्हणणारी माणसं एकेक करून सगळी गेली. मी तेवढी उरले आहे, आणि मला ठाऊक आहे की तुम्ही उभ्या जन्मात कधी झिंगून घरी आला नाहीत. दोन घोट, फार तर तीन. मग पेला खाली ठेवायचा, मिशा पुसायच्या आणि छपराकडं बघत बसायचं. गुत्त्यातली माणसं बोलणं थांबवून तुमच्या तोंडाकडं बघत राहायची, असं तुमचे दोस्त शिंपीकाका सांगायचे. मी स्वतः ते कधी पाहिलं नाही. बाईमाणसानं, त्यातून नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईनं, गुत्त्याच्या दारात उभं राहावं असे ते दिवस नव्हते.

गुत्ते पारखत फिरायचं हे खूळ तुमच्या डोक्यात भरवलं ते त्या गोऱ्या ड्रायव्हरनं. तुम्ही मालगाडीवर गार्ड, तो इंजिनावर. घाट चढून-उतरून आलात की कर्जतला रनिंग रूमच्या, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या खोलीच्या, ओट्यावर तो तुम्हाला त्याच्या मुलखातल्या गोष्टी सांगायचा. तिकडं म्हणे खेड्याखेड्यात पब असतात, आणि रविवारी म्हातारे लोक एका पबातून दुसऱ्या पबात चालत जातात. कुणाची एल ताजी, कुणाच्या पिंपाला वास येतो, कुठल्या मालकानं पाणी ओतलं, यावर भांडतात. एल म्हणजे त्यांची तिकडची बिअर. तुम्हाला त्या बिअरचं काही वाटलं नाही, पण भांडण्याचं फार वाटलं. "आपल्याकडं बी पितात गं बाय," तुम्ही मला म्हणाला होतात, "पन मान खाली घालून पितात. बरंवाईट कोन बोलतच नाय. मग दुकानदार काय वाट्टेल ते पाजतो." नोकरी संपली, आई गेली, आणि मग दर रविवारी तुम्ही आणि शिंपीकाका निघायला लागलात. कधी छकड्यातून कळंबला, कधी खोपोलीच्या गाडीनं साजगावकडं, कधी पायी पायी खालापूरच्या वाटेला.

बाजारपेठेतल्या शिवणाच्या दुकानात बसून शिंपीकाका पुढं आठवडाभर तुमचा निकाल गिऱ्हाइकांना ऐकवायचे. अमक्याची ताडी सकाळी बरी, दुपारी घेऊ नका. तमक्याचं बाकडं पुसलेलं नसतं. आणि कळंबची ती गोष्ट तर त्यांनी इतक्यांदा सांगितली की मला वाटतं मी तिथं होते. दुकानदारानं पुढच्या मडक्यातली ताडी तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही पेल्याला हात लावला नाहीत. उठून मागच्या अंगाला गेलात, तिथं डोंगरातले ठाकर-कातकरी उकिडवे बसून करवंटीतून पीत होते. त्यांच्यातल्या एकाकडून करवंटी मागून घेतलीत, घोट घेतलात आणि थुंकलात.

"ह्ये मडकं कुनासाठी?" तुम्ही विचारलंत.

"ती डोंगरातली मान्सं, गार्डसाहेब. त्यांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना. पुढल्या मडक्याचं नाय सांगनार मी कुनाला. मागल्याचं सांगनार."

महिन्याभरात त्या दुकानात एकच मडकं उरलं. लोक हसत तुम्हाला, पण ऐकतही.

मी घरी आले ती त्याच सुमाराला. लढाई चालू होती, धान्य मापून मिळत होतं, आणि परत आलेली मुलगी म्हणजे खाणारं आणखी एक तोंड. तुम्ही काही विचारलं नाहीत. माझ्या कपाळावरची खोक तुम्ही पाहिलीत आणि पाणी तापवायला ठेवलंत, एवढंच. पुढं रविवारी दिवेलागणीला तुम्ही परतलात की पुढच्या दारानं आत येत नव्हता. मागच्या दारी जाऊन तीन-चारदा चूळ भरायचात, सदरा काढून दोरीवर टाकायचात, मग घरात. तो वास मला सहन होत नव्हता, तो वास अंगाला लावून माझा नवरा घरी यायचा. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं समजलं कोण जाणे.

मग तुम्हाला विषमज्वर झाला. पावसाळा संपता संपता पडलात ते दिवाळीपर्यंत अंथरुणात. उठलात तेव्हा हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, पण भूक लागत होती, म्हणून मी देवाला हात जोडले. एके दिवशी घाईत आमटीत मीठ घालायचं विसरले. तुम्हाला वाढून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी मीठ घेऊन धावत आले, तर तुमची वाटी रिकामी.

"झ्याक झालीय," तुम्ही म्हणालात.

मी तशीच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम कारल्याची भाजी केली, मीठ-गूळ काही न लावता. तीही खाल्लीत. मग मी समोर बसले आणि म्हटलं, "आबा, तुमाला चव लागत नाय."

तुम्ही ताटातच बघत होतात. "वास बी नाय येत," तुम्ही म्हणालात. "सगळं मातीवानी लागतं गं. शिंप्याला सांगू नको."

त्या हिवाळ्यात शिंपीकाका दर रविवारी दारात येऊन उभे राहत आणि तुम्ही काहीतरी सबब सांगून त्यांना परत पाठवत होतात. दिवसभर ओट्यावर बसून रुळांकडं बघायचात. जेवायला हाक मारली तर उठायचात, नाही मारली तर नाही. हा माणूस आता असाच संपणार, असं मला दिसायला लागलं. आणि म्हणून, फार विचार न करता, एका शनिवारी चुलीपाशी बसून मी म्हटलं, "तुमी जा उद्या. बाटलीत घालून आना. मी चाखून सांगते."

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जणू मी शिवीच दिली.

"तुला त्या वासानं मळमळतं," तुम्ही म्हणालात.

"तरी सांगते."

ताडीची पहिली बाटली खालापूरहून आली. मी नाक धरून घोट घेतला आणि मला रडू कोसळलं. तुम्ही बाटली उचलून मोरीत ओतायला निघालात. मी तुमचं मनगट धरलं. दुसरा घोट नाक न धरता घेतला. आणि आबा, काय सांगू, त्या घोटात माझा नवरा नव्हता. त्यात आंबूस काहीतरी होतं, आणि मागून लांबून येणारा गोडवा. "ताक परवाचं असलं की कसं लागतं, तसं हाय ह्ये," मी म्हटलं, "पन मडकं धुतलेलं नाय. तळाला करपल्यावानी लागतंय." तुम्ही किती महिन्यांनी हसलात. पुढच्या रविवारी जाऊन तुम्ही तेच शब्द त्या दुकानदाराला ऐकवलेत. त्यानं कान पकडले म्हणे.

तेव्हापासून तुमची रीत बदलली. जागच्या जागी बोलायचं नाही, घोटभर घ्यायचा, बाटली घरी आणायची आणि निकाल पुढच्या आठवड्याला द्यायचा. लोकांना वाटलं, गार्डसाहेब आजारातून उठल्यापासून जास्तच बारकाईनं बघतात. मी चुलीपुढं बसून बोलायची, तुम्ही तोंडातल्या तोंडात घोकायचात. कळंबच्या ताडीला मी कोवळ्या काकडीवानी म्हटलं होतं. काही दिवसांनी विहिरीवर दोघीजणी बोलत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आमचे ह्ये म्हनतात, काकडीवानी हाय कळंबची, तितंच जायाचं." मी रहाट ओढत होते. माझ्याशी त्या विहिरीवर कुणी बोलत नसे, त्याही बोलल्या नाहीत. मी भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि घरापर्यंत हसत आले.

असं दीडएक वर्ष चाललं असेल. मग कुंभिवलीच्या अलीकडं, हमरस्त्याला, एक नवा गुत्ता उघडला. लष्कराच्या लॉऱ्या त्या रस्त्यानं जायच्या, रस्त्याच्या कामावर माणसं असायची, धंदा जोरात होता. तिथं ताडी नव्हती, मोहाची दारू होती. तुम्ही वैशाखात एका रविवारी तिथं गेलात, आणि त्या दिवशी जे झालं ते मला पुष्कळ वर्षांनी शिंपीकाकांकडून कळलं. तुम्ही नेहमीसारखी बाटली पुढं केलीत. दुकानदार पाच-पंचवीस माणसांसमोर हसून म्हणाला, "घरी कशाला नेता, गार्डसाहेब? घरी कोन बसलंय प्यायला? ती परत आलेली पोरगी?" सगळे हसले. तुम्ही बाटली खिशात घातलीत. पेला उचललात, दोन घोट घेतलेत, मिशा पुसल्यात आणि म्हणालात, "चांगली हाय."

तुम्ही चांगली म्हटल्यावर शिंपीकाकांनी पेला भरून घेतला. आणि मग दुसराही.

सोमवारी सकाळी त्यांनी बायकोला विचारलं, एवढं धुकं कसं पडलंय गं आज. बाहेर लख्ख ऊन होतं. संध्याकाळपर्यंत धुकंही उरलं नाही, नुसता अंधार. रस्त्याच्या कामावरची दोन माणसं दगावली. त्या दारूत पॉलिशचं स्पिरिट ओतलं होतं, दुकानदार पळून गेला, दुकानाला सील लागलं. तुम्हाला दोन घोटांनी नुसती डोकेदुखी आणि वांत्या झाल्या. तशातच उठून तुम्ही शिंपीकाकांकडं गेलात, मी तुमच्या मागोमाग. ते खाटेवर बसले होते, डोळे उघडे. तुमचं पाऊल ओळखून ते म्हणाले, "तुला कळलं नाय व्हय रं, गार्डा?" रागानं नव्हे. खरंच विचारत होते. तुम्ही खाटेचा खूर धरून खाली बसलात.

उत्तर तुम्ही बाजाराच्या दिवशी दिलंत. शिंपीकाकांच्या बंद दुकानाच्या पायरीवर उभे राहिलात. मी समोर, भाजीवालीच्या पाटीआड. तुमचा आवाज झेंडी दाखवत इंजिनाला हाक देताना लागायचा तसा लागला होता. "माझी जीब मेलेली हाय," तुम्ही म्हणालात. "तापातनं उठलो तवापासनं मला गोड-कडू काय कळत नाय. तरी मी सांगत फिरलो. त्या दोगांचा जीव आन् शिंप्याचे डोळे, ह्ये माझ्यावर हाय." कुणीतरी शिवी घातली. कुणीतरी खाली थुंकलं. कळंबचा एक म्हातारा होता, तो पुढं येऊन खरोखरच्या नवलानं म्हणाला, "आन् आमच्या ताडीचं मग बरूबर कसं सांगितलंस रं?"

तुमची नजर भाजीवालीच्या पाटीकडं वळली. मला वाटतं तुम्ही मला पाहिलं होतं.

"अंदाजानं," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर तुम्ही घराबाहेर पडला नाहीत. पुढच्या थंडीत गेलात. खांदा द्यायला माणसं मोजकीच आली. शिंपीकाका आले होते, कुणाच्या तरी हाताला धरून. स्मशानाच्या वाटेवर ते मोठ्यानं रडत होते, आणि तुम्हाला शिव्या देणारे त्यांच्याकडं बघून वरमले. मग काही वर्षांत दारूबंदी आली, गुत्ते बंद झाले, ताडी झाडावरच राहिली, आणि जे प्यायचे ते झुडपांत लपून प्यायला लागले.

माझं सांगायचं तर शिंपीकाकांनी मला बोलावून घेतलं. "यंत्र गंजतंय," म्हणाले, "तू बस." ते शेजारी बसायचे, मी शिवलेलं पोलकं बोटांनी चाचपायचे, टाका सैल असला की उसवायला लावायचे. त्या मशीनवर माझं आयुष्य निघालं. परत आलेली बाई म्हणून जिला टाळायच्या, तिच्याकडं त्याच बायका खण घेऊन यायला लागल्या. एकदा मी काज करत असताना काकांनी तो कुंभिवलीचा प्रसंग सांगितला, दुकानदार काय म्हणाला आणि तुम्ही पेला का उचललात ते. मला एवढंच म्हणाले, "त्यानं तुजं नाव खाली पडू दिलं नाय, बाय." मी मान हलवली. त्यांना दिसलं नाही.

खरं आहे ते. तुम्ही माझं नाव घेतलं असतंत तर गावानं मला गुत्त्यातली बाई ठरवलं असतं, त्या बायका खण घेऊन माझ्याकडं कधी आल्या नसत्या. सगळं समजतं मला. हे पत्र लिहून होईल, मी ते घडी करून चुलीत घालीन, आणि तुम्ही जे झाकलंत ते झाकलेलंच राहील. पण खोटं कशाला बोलू? त्या दिवशी पाटीआड उभी असताना, सगळे तुम्हाला शिव्या घालत असताना, त्या म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा माझ्या काळजात एकच होतं, की तुम्ही हात वर करावा आणि माझ्याकडं बोट दाखवावं.

अजूनही वाटतं.