निळ्या गाऊनच्या पट्ट्या

४ जून

चि. छबूस, पोटभर आशीर्वाद.

तुझं नर्सचं शिक्षण झेपतंय ना? वेळेवर जेव. इकडची गंमत ऐक. तुझ्या भिंगरीच्या बालवाडीच्या बाईंनी मला शिकवायला बोलावलं. मला, चौथी नापासाला. मी पोरांना डोळे मिटायला लावले नि हातात कापडं दिली. मखमल, गोणपाट, लोकर. एकाने लोकर गालाला लावली, म्हणाला मांजर आहे. मग पुठ्ठ्याला खाचा पाडून दोरे ताणून दिले, त्यात चिंध्यांच्या पट्ट्या वरखाली ओवायच्या. चिंध्या कमी पडल्या, तर तुझा काखेत उसवलेला निळा गाऊन भिंगरीच्या उशीखाली बोळा होऊन पडला होता, तोही फाडला. काय सुरेख पट्ट्या निघाल्या म्हणून सांगू.

भिंगरी मात्र दोन रात्री झोपली नाही. पोट दुखत असेल, शेकते आहे. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी आई

९ जून

ती. आईस, नमस्कार.

तिचं पोट दुखत नाहीये. तो गाऊन मी निघताना तिला मुद्दाम न धुता दिला होता. त्याला नाक लावून झोपते माझी लेक. गडबडीत तुला सांगायचं राहिलं. तुझ्यावर राग नाही. म्हणजे आहे थोडा. मी शिक्षण सोडून परत येते. तू कळवलंस की निघते.

तुझी छबू

१३ जून

चि. छबूस, आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच भिंगरीने सगळ्या पोरांच्या विणकामातून निळ्या पट्ट्या उपसून काढल्या. वर्गात रडारड. बाई म्हणाल्या, आजी, हिला चार दिवस घरीच ठेवा. माझी मान खाली.

मी पट्ट्या शिवून द्यायला बसले, तर तिने माझा हात झटकला. स्वतःच पुठ्ठ्यावर ओवल्या नि तो कुशीत घेऊन झोपली. सकाळी गालावर खाचांचे वळ. एक पट्टी कमी दिसली म्हणून विचारलं. म्हणाली, शाळेच्या दारात रडते ना एक मुलगी, तिची तिला ठेवलीय, तिची आई पण जाते.

पण काल रात्री पुठ्ठा नाकाशी धरून पुन्हा जागीच होती. इतक्या पोरांचे हात लागलेत, तुझा वास राहील कुठून?

शिक्षण सोडू नकोस, बाळा. अंगावरचा कपडा काढून तसाच पाठव. घामट, मळका, कसाही. मी त्याला हात लावणार नाही. पोस्टमनकडून भिंगरीच घेईल.

आईवर राग ठेव, पण माया कमी करू नकोस.

तुझी आई